कपाटाभोवतीची फरशी : पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि इंचभर पट्टी

मराठीत उंबरठ्यावर जेवढं लिहिलं गेलं आहे तेवढं घराच्या बाकी सगळ्या भागांवर मिळूनही लिहिलं गेलं नसेल. उंबरठा ओलांडला की लेखक ओसरीवर टेकतो, देवघरात हात जोडतो, माजघरात आजीला भेटतो आणि स्वयंपाकघरात आला की चुलीपाशी पाटावर बसतो. पाट कशावर मांडला आहे याची चौकशी तो करत नाही. एकवेळ हेही समजून घेता येईल, कारण पायाखालचं पाहायला मान खाली घालावी लागते आणि ते लेखकांना जमत नाही. पण फरशीचा असाही एक भाग आहे, ज्याकडे फरशी बसवणारेसुद्धा पाहत नाहीत. ओट्याखालच्या कपाटांच्या खाली गेलेली फरशी. तिच्यावर कुणी चालत नाही, तिला कुणी पुसत नाही, तिच्यावरून कुणी घसरूनही पडत नाही. प्रस्तुत प्रबंध तिच्याविषयी आहे. निदान सुरुवातीला तो तिच्याविषयी होता.

प्रश्न असा. स्वयंपाकघराची फरशी बदलायची आहे. ओटा, ओट्याखालच्या ट्रॉल्या, सिंक आणि गॅस जागच्या जागी राहणार आहेत. मग नवी फरशी जाते कुठवर? यावर नागपुरात तीन मतं ऐकू येतात. कपाटं बाहेर काढावीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी घालावी आणि कपाटं परत आत बसवावीत, हे पहिलं मत. त्याला आपण अधोकपाटवाद म्हणू. कपाटांना हात न लावता भोवतीनं फरशी बसवावी, हा परिकपाटवाद. तिसरे लोक म्हणतात, जुनं काही फोडूच नका, जुन्या फरशीवर नवी चिकटवा. बाजारात याला 'टाइलवर टाइल' म्हणतात. शास्त्रात आरोहणवाद म्हणायला हरकत नसावी. चौथंही एक मत होतं, ते माझं: आहे त्या फरशीला काय झालंय? ते पूर्वपक्ष म्हणून नोंदवून घेऊन बायकोनं पहिल्याच संध्याकाळी निकालात काढलं.

अधोकपाटवादी संख्येनं मोठे आहेत आणि त्यांच्यात एकही मिस्त्री नाही. शेजारी, मेहुणे आणि ज्यांचं घर नुकतंच बांधून झालं आहे असे लोक या पंथात येतात. माझा मेहुणा त्यांचा आचार्य. त्याचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, हे मान्य करायला हवं. तो म्हणतो, उद्या तुम्ही ट्रॉल्या बदलल्या, नव्या ट्रॉल्यांची मापं वेगळी निघाली, तर कपाटांच्या जुन्या पायथ्याची जागा उघडी पडेल आणि नव्या फरशीत जुन्या फरशीचा एक खंडच्या खंड वर येईल. त्याचा निष्कर्ष, "केलं तर पूर्ण करावं, दाजी."

मिस्त्री तेव्हा कपाटांसमोर उकिडवा बसून आतल्या अंधारात मोबाइलचा उजेड मारत होता. मान न वळवता तो म्हणाला, "साहेब, कपाट हालवलं त् ओटा बोलते. ओटा बोलला त् नळ बोलते. अन् नळ बोलला का मंग वहिनी बोलतात."

न्यायशास्त्राला एखादी गोष्ट सिद्ध करायला प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव लागतात. मिस्त्रीनं तीनच वाक्यांत काम भागवलं आणि निगमन स्वयंपाकघराच्या दारात उभंच होतं. मेहुणा चहा घेऊन गेला.

तरीही मी सुताराला विचारून खात्री करून घेतली. आमच्या ट्रॉल्या २०११ सालच्या. त्यांच्या बाजू कडप्प्याच्या उभ्या पाटांना स्क्रूनं आवळलेल्या आहेत. प्लायमधला स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात दुसऱ्यांदा तसा धरत नाही. मग भोक मोठं करायचं, काडी ठोकायची, किंवा शेजारी नवं भोक पाडायचं, आणि तसं करता करता कपाट चाळणी होतं. बसलेलं कपाट हे बसलेल्या पाहुण्यासारखं असतं. त्याला उठवणं शक्य असतं, पण पुन्हा तसंच बसवणं शक्य नसतं.

आता इतिहास. परिकपाटवाद ही आळशी मिस्त्र्यांची आधुनिक युक्ती आहे, असा मेहुण्याचा आरोप आहे. तो खोडायला मला फार लांब जावं लागलं नाही, शेजारच्या खोलीतच जावं लागलं. आईचं बालपण उमरेडकडच्या एका खेड्यात गेलं. तिथं स्वयंपाकघराची जमीन शेणानं सारवत आणि कोपऱ्यात उतरंड असे: मडक्यावर मडकं, त्यावर लहान मडकं, सर्वांत वर झाकणी; तळाशी ज्वारी, वर डाळी, त्याहून वर जे मुलांच्या हाताला लागू नये ते. आजच्या ट्रॉल्यांची ही थेट पूर्वज. मी विचारलं, सारवताना उतरंड हलवायचे का? आईनं माझ्याकडे, मी शिकून काय केलं, अशा नजरेनं पाहिलं. "उतरंड कोण हालवते रे? भोवतालून पोतेरं फिरवाचं. उतरवाची ते दिवाळीले." पुढे तिनं जे सांगितलं ते अभ्यासकांसाठी मोलाचं आहे. दर आठवड्याच्या सारवणानं भोवतालची जमीन केसाकेसानं वर येत गेली आणि काही वर्षांनी उतरंड उचलली तेव्हा तिच्या बुडाखाली परातीएवढा खळगा झालेला होता. आरोहणवादाचा धोका आमच्या आजीच्या घरात सिद्ध झाला होता, फक्त त्याला कुणी नाव दिलं नव्हतं.

याहून मागे जायचं तर काटोल रोड धरावा. नागपूरच्या बाहेर जुनापाणीला लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. मधोमध पुरलेलं माणूस, त्याच्याबरोबर त्याची भांडी आणि लोखंडी अवजारं, आणि भोवतीनं मोठमोठे दगड बसवलेले. पुरातत्त्वज्ञ या वर्तुळांकडे दफनाच्या दृष्टीनं पाहतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. फरशीच्या दृष्टीनं पाहिलं तर वेगळंच लक्षात येतं. मधे जे ठेवलं आहे त्याला हात लावायचा नाही, दगड भोवतीनं बसवायचे, हा नियम या मातीत मिस्त्रीच्या आधी अडीच हजार वर्षं पाळला जात होता. आणि वर्तुळ जुळावं म्हणून त्यांनी एकाही दगडाला कटर लावलेला नाही.

मूळ प्रश्नाकडे यायचं तर फरशी बदलायला का लागली हे सांगायला हवं. आमचं घर १९८४ सालचं, तळमजल्यावर, काळ्या मातीवर. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घर तिच्यावर उभं असल्यामुळे तेही श्वास घेतं. चाळीस वर्षांच्या या प्राणायामानं स्वयंपाकघरातली मोझॅकची फरशी मधोमध पोकळ झाली होती. मिस्त्रीनं हातोडी उलटी धरून दांड्यानं एकेक फरशी वाजवली. चांगली बसलेली फरशी टणक आवाज देते, पोकळ झालेली बद्द वाजते. 'बद्द' हा शब्द मी लहानपणी फुटक्या माठाच्या संदर्भात ऐकला होता. मिस्त्रीनं तो इतक्या गांभीर्यानं उच्चारला, की मला डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिल्याची आठवण झाली. "बद्द. हे बी बद्द. हे जरा बरी हाय. हे बद्द." ओट्याजवळच्या दोन ओळी सोडल्या तर सगळीच बद्द होती. कपाटांखाली काय आहे, हे अर्थात कुणालाच वाजवता आलं नाही.

या निदानानंतर आरोहणवाद टिकणं अवघड होतं. बद्द फरशीवर नवी टाइल चिकटवणं म्हणजे किडक्या दातावर सोन्याची टोपी. तरी त्याला न्याय द्यायचा म्हणून मी उंचीचा हिशेब मांडला. टाइल नऊ-दहा मिलिमीटर, खाली चिकटवायचा मसाला चार-पाच, म्हणजे चौदा मिलिमीटर. चौदा मिलिमीटर हा आकडा कुणाला क्षुल्लक वाटेल, पण नागपूरकराला तो तसा वाटता कामा नये. आपल्या झिरो माइलला जो दगडी खांब आहे तो मुळात उंचीचा आहे. १९०७ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणवाल्यांनी तो उभारला आणि त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली: १०२०.१७१ फूट. दशांशचिन्हानंतर तीन आकडे! शेवटचा एक आकडा म्हणजे फुटाचा हजारावा भाग, टाइलच्या सांध्याहूनही बारीक. लोक खांबाशेजारच्या घोड्यांबरोबर फोटो काढतात. तो आकडा वाचताना मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. ज्या शहरात जमिनीची उंची एवढ्या काटेकोरपणे दगडात कोरून ठेवली आहे, तिथं स्वयंपाकघर चौदा मिलिमीटरनं वर नेणं हा सर्वेक्षणाचा उपमर्द आहे, असं मी म्हणालो. बायको म्हणाली, दार घासेल. तिचंही बरोबर होतं. शिवाय ट्रॉल्यांखालची चार इंची स्कर्टिंग परत बसणार नव्हती, आणि ओट्याखालच्या कप्प्यातला सिलिंडर बाहेर काढताना त्याला चौदा मिलिमीटरची पायरी चढावी लागली असती. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. तो उचलणारा घरात एकच माणूस आहे आणि तो हा प्रबंध लिहीत आहे.

तेव्हा ठरलं: फोडायचं, पण भोवतीनं.

पहिल्या दिवशी मिस्त्रीनं स्कर्टिंगच्या पट्ट्या क्लिपांवरून खेचून काढल्या आणि २०११ नंतर प्रथमच कपाटांखालची पोकळी उजेडात आली. या उत्खननाचा वृत्तांत संक्षेपानं देतो. वरच्या थरात कुकरची एक शिट्टी, गॅस लायटर, सोललेला आणि आता ओळखू न येणारा लसूण. त्याखाली एक लिंबू, जे इतकं वाळलं होतं की आईनं ते सुपारी म्हणून हातात घेतलं. मधल्या थरात बाटल्यांची बुचं, मुलाच्या सहावीतल्या कंपासपेटीतला गुण्या, आणि झुरळांची वसाहत. सर्वांत आत, भिंतीला लागून, पावडरीसारखी बारीक माती आणि तिच्यावर कारागिरांनी २०११ साली टाकून दिलेली, अजून पूर्ण पिवळी न पडलेली, एक विडी.

नागपूरला थरांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी इथं आले ते धर्मप्रसारासाठी, आणि टाकळी-सीताबर्डीच्या खडकांत गुंतले. लाव्हारसाच्या एका थरावर दुसरा थर येण्याआधी मधे जो काळ गेला, त्या काळात साचलेल्या गोड्या पाण्यातले शिंपले आणि वनस्पती त्या थरांच्या सांदीत सापडतात. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी १८५५ साली त्यावर लिहिलं. दोन लोटांच्या मधे जे साचतं त्यावरून तेव्हाचं जग कळतं, एवढीच त्यातली गोम. ट्रॉल्यांच्या आगमनापासून टाइल्सच्या आगमनापर्यंतच्या मधल्या काळात आमचं घर कसं होतं, हे कळायला मला ती शिट्टी पुरेशी होती. २०१६ च्या सुमारास तिच्यावरून या घरात दोन दिवस अबोला होता. मी ती उचलून खिशात टाकली. ती आता पुरावा राहिलेली नाही.

आता या शास्त्रातला सर्वांत अवघड भाग. गणित मला येतं, अशी माझी समजूत होती.

स्वयंपाकघर दहा बाय आठ फूट. ओटा दोन फूट रुंद, लांब भिंतीला पूर्ण आणि आखूड भिंतीला उरलेले सहा फूट, म्हणजे इंग्रजी एल अक्षरासारखा. ऐंशीतून बत्तीस चौरस फूट ओट्याखाली गेले, उघडे राहिले अठ्ठेचाळीस. आठ बाय सहाचा स्वच्छ आयत. टाइल दोन बाय दोन. आठात दोन चारदा, सहात दोन तीनदा. बारा टाइल्स. एका खोक्यात चार. तीन खोकी. एकही तुकडा नाही, एकही काप नाही. असा सुबक हिशेब माझ्या आयुष्यात पूर्वी जमला नव्हता. मी इतवारीच्या बाजूला जाऊन तीन खोकी घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, एखादं खोकं जास्त घ्या, फुटतुटीला. मी हसलो.

मिस्त्रीनं भिंतीपासून दोरी धरली, कोरड्याच टाइल्स मांडल्या आणि मला बोलावलं. चार टाइल्सनंतर कपाटापर्यंत सव्वा इंच जागा उरत होती. दुसऱ्या बाजूनं तीन टाइल्सनंतर इंचाला थोडी कमी. मी पुन्हा मोजलं. खोली बरोबर होती, टाइल कमी होती.

"मिस्त्री, ही दोन बाय दोन आहे ना?"

"हाय ना."

"मग दोन फूट का भरत नाही?"

"साहेब, दोन बाय दोन हे नाव हाय तिचं. माप नाई."

नाम आणि रूप यांतला हा भेद मिलिंद राजाला समजायला नागसेनाला रथ सुटा करावा लागला होता: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. मिस्त्रीनं एका टाइलवर काम भागवलं. खरी गोष्ट अशी की टाइल सहाशे मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. प्रत्येक टाइल ९.६ मिलिमीटरनं थापा मारते. आठ फूट म्हणजे २४३८ मिलिमीटर. चार टाइल्सचे २४०० आणि सांध्यांचे आठेक वजा केले की तीस उरतात. सहा फुटांत तसेच बावीस-तेवीस. याचं मूळ १९५६ सालच्या वजनमापांच्या कायद्यात आहे, ज्यानं देशात मीटर आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरात या शहरात धम्मदीक्षा झाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. एवढ्या घडामोडींत मीटरकडे बघायला नागपूरला सवड मिळाली नसणार. त्यामुळे आजही गुजरातेत मोरबीचे कारखाने मिलिमीटरमध्ये टाइल भाजतात, कन्हानची रेती ब्रासमध्ये येते, मिस्त्री फुटात मोजतो, मजुरी चौरस फुटात ठरते, आणि या सर्वांच्या बेरजेत प्रत्येक स्वयंपाकघरात इंचभर पट्टी उरते.

इंचभर पट्टी कापता येत नाही. म्हणजे कापता येते, पण ती कापताना तुटते, बसवताना तुटते, आणि या दोन्हींतून वाचली तर पहिल्या पोळीच्या लाटण्यानं तुटते. मी हताश झालो. तेव्हा मिस्त्रीनं जो मार्ग काढला, त्यानं दोन्ही दर्शनांचा समन्वय केला असं मी म्हणेन. स्कर्टिंग निघालेली होतीच. त्यानं कपाटांच्या दर्शनी रेषेच्या आत, हात पुरेल तिथपर्यंत, छिन्नी-हातोडीनं जुनी मोझॅक दोन-अडीच इंच फोडली. कटर तिथं चालत नाही. चार इंचांच्या पोकळीत चार इंची पात्याचं मशीन धरणाऱ्या हातासकट मावत नाही. पालथा पडून, एक गाल फरशीला टेकवून, मे महिन्यातल्या दुपारी त्यानं आठ आणि सहा असे चौदा फूट छिन्नीनं काढले. कूलरचं तोंड मी त्याच्याकडे वळवलं होतं, ते त्यानं परत वळवायला लावलं, कारण धूळ सगळ्या घरात जात होती. एवढं आत फोडल्यामुळे नवी पट्टी इंचाची न राहता साडेतीन इंचांची झाली. त्यातला इंचभर दिसतो, उरलेला कपाटाखाली गेला. म्हणजे फरशी कपाटाखाली जाते, पण फार जात नाही. संस्कृतात याला ईषदधोकपाटवाद म्हणता येईल. मिस्त्री म्हणाला, "थोडशी आतमंदी घुसवून देतो."

पट्ट्यांसाठी दोन टाइल्स जास्त लागल्या. शिवाय न्हाणी ट्रॅपच्या जाळीसाठी भोक पाडताना बारातली एक फुटली. (न्हाणी ट्रॅप हा इंजिनियरिंगच्या इंग्रजी पुस्तकांत जसाच्या तसा छापला जाणारा शब्द आहे. मराठीनं जागतिक अभियांत्रिकीला काय दिलं, असं कुणी विचारलं तर सिंकखाली बोट दाखवावं.) तर मी चौथं खोकं आणायला गेलो. दुकानदारानं मला ओळखलं. तो हसला नाही, पण त्यानं न हसणं मला दिसेल असं केलं. खोक्यावरचा शेडचा आकडा वेगळा होता. तीच टाइल, तेच नाव, तोच कारखाना; पण भट्टीचा दुसरा घाणा. दुकानात फरक कळला नाही. घरी आणून शेजारी ठेवल्यावर कळला: पहिल्या तीन खोक्यांचा रंग साय, चौथ्याचा रंग सायीतला जो भाग भांड्याला लागतो तो.

पट्ट्या चौथ्या खोक्यातून कापल्या, कारण त्या कपाटांच्या सावलीत राहतात. जाळीची टाइलही त्यातलीच लागली आणि ती दिसते. घरी कुणी फरशी बघायला आलं की मी तिच्यावर उभा राहतो.

सांध्यांविषयी थोडक्यात. सांधा आणि संधी हे मुळात एकच. टाइलला टाइल भेटते ती स्वरसंधी, दोघांतही नरमाई आहे, दोन मिलिमीटरचा स्पेसर ठेवला की जुळतं. टाइलला भिंत भेटते तिथं व्यंजनसंधी. टाइल कपाटाखाली जाते तिथं विसर्गसंधी: काहीतरी लोप पावलेलं आहे, पण ते होतं, हे जाणकाराला कळतं. हल्ली चार बाय दोनच्या टाइल्स सांधाच न ठेवता लावायची टूम निघाली आहे. काव्यशास्त्रात लांबलचक समासांच्या शैलीला गौडी रीती म्हणतात आणि अल्पसमासांच्या, मोकळ्या, मधुर शैलीला वैदर्भी. आपण कोणत्या प्रदेशात राहतो हे फरशी लावतानाही विसरू नये. आणि हा निव्वळ रसिकतेचा मुद्दा नाही. हिवाळा-उन्हाळ्यातल्या तिसेक अंशांच्या फरकानं अडीच मीटर फरशी साधारण अर्धा मिलिमीटर लांबते. तिला जागा नसेल तर ती मधोमध उचलली जाते, आणि नवतपाच्या दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज होतो. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. हवामान खात्यानं नंतर यंत्र बिघडल्याचं सांगितलं. मी मात्र त्या रात्री स्वयंपाकघरात जाऊन जुनी फरशी पायानं दाबून पाहिली होती.

सांध्यात काय भरावं यावर एक प्रयोग केला. उरलेल्या तुकड्यांवर एकात पांढरा सिमेंटचा मसाला, दुसऱ्यात एपॉक्सी भरून वाळू दिलं आणि पोह्यांवरच्या तर्रीचा एकेक थेंब रात्रभर ठेवला. सकाळी टाइल दोन्हीकडे स्वच्छ. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही, तेल तरी कसं घेईल. सिमेंटच्या सांध्यात केशरी रेघ उमटली होती आणि ती लिंबानं, सोड्यानं, राखेनं, कशानंच गेली नाही. आम्ही एपॉक्सी घेतलं. सावजी रस्सा होणाऱ्या घरांनी या निष्कर्षाचा स्वतंत्र विचार करावा.

तीन दिवसांचं म्हणून काढलेलं काम नऊ दिवस चाललं. आम्ही बाहेरच्या खोलीत स्टूलवर शेगडी ठेवून खिचडी, वडाभात आणि पुन्हा खिचडी खाल्ली. दहाव्या दिवशी मिस्त्रीनं स्कर्टिंग दाबून बसवली; क्लिपा एकामागून एक कट्‌कन लागल्या. एकही मिलिमीटर कापावा लागला नाही. १०२०.१७१ फूट अबाधित राहिले.

चौथ्या खोक्यातली एक टाइल अख्खी उरली. अशी उरलेली टाइल कूलरच्या मागे किंवा गच्चीवरच्या टाकीखाली ठेवायची आणि वीस वर्षांनी घर विकताना काढायची, असा रिवाज आहे. मी ती उचलून गच्चीकडे निघालो होतो. बायको म्हणाली, थांबा. तिनं सिलिंडरचा कप्पा उघडला. त्याला खालून तळ नाही, सिलिंडर सरळ जुन्या मोझॅकवर उभा असतो आणि तिथं त्याच्या गंजाची गोल गोल वर्तुळं उमटली होती, एकात एक अडकलेली. मी सिलिंडर बाहेर घेतला. तिनं टाइल आत सरकवली. ती जेमतेम मावली. मसाला नाही, सांधा नाही, नुसती ठेवलेली. मी सिलिंडर परत तिच्यावर चढवला. चौदा मिलिमीटरवर मी मघाशी जे काही लिहिलं आहे, ते या नऊ मिलिमीटरना लागू करू नये.

रविवारी मेहुणा आला. मी जाळीवर उभा राहिलो. तो खाली वाकला, सगळीकडे पाहिलं, सिलिंडरचा कप्पा उघडला आणि तसाच वाकून काही क्षण बघत राहिला.

"म्हणजे शेवटी कपाटाखाली घातलीच ना?"

"घातली," बायको म्हणाली.

तो समाधानानं चहा प्यायला गेला. मी खाली बसलो, हात आत घातला आणि सिलिंडरच्या बाजूला मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. बद्द.